गरीच्या काठीच्या कड्या



आमचा फोंडा तालुका मांडवी आणि जुवारी ह्या दोन नद्यांच्या मधला. समुद्र येथून दिसत नाही. तरी गरीचा नाद येथल्या माणसाला समुद्रकाठच्या माणसाइतकाच असतो. दुर्भाटला नदीकाठी संध्याकाळी कोणी ना कोणी गरी टाकून बसलेला आढळतोच. त्याचे साहित्य अगदी थोडे. एका रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, एक गरी, बोटाच्या पेराएवढे शिसे आणि आमिषाला चार सुंगटे. पंधरा-वीस मीटरांवर गरी पडली, की त्याचे काम भागते.

पण हाच मनुष्य पेडणे तालुक्यात केरीच्या, हरमलच्या किंवा मांद्र्याच्या वाळूत जाऊन उभा राहिला, की त्याची पंचाईत होते. तेथे लाटा एकामागून एक फुटत असतात, आणि मुडदुशी असो वा तांबोशी, मासा पुष्कळदा फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडच्या खोलगट पाण्यात फिरत असतो. तेथवर आमिष पोचवायचे तर नुसता हात पुरत नाही. दहा-बारा फुटांची लवचिक काठी लागते, मोठे रीळ लागते आणि लाटांच्या ओढीला दाद न देणारे शंभर-सव्वाशे ग्रॅमांचे शिसे लागते.

हल्ली पुष्कळ हौशी तरुण अशी काठी स्वतः बांधतात. नुसती काठी, रिळाची बैठक आणि कड्या वेगवेगळ्या विकत घ्यायच्या, दोऱ्याने गुंडाळून कड्या बसवायच्या आणि वर इपॉक्सीचा लेप द्यायचा, असे हे काम आहे. काठी आणि रीळ घेताना हे तरुण दहा ठिकाणी चौकशी करतात. कड्या मात्र दुकानात मिळतील त्या घेतात. तंगूस ज्यातून ओवायचा ती वळी. तीत निवडायचे ते काय, अशी त्यांची समजूत असते. माझीही तशीच होती.

ही समजूत किती महाग पडू शकते, हे मला एका जानेवारीतील संध्याकाळी केरीच्या किनाऱ्यावर कळले. बारा फुटांची काठी मी स्वतः बांधली होती आणि तिचा थोडा अभिमानही बाळगून होतो. एकदा ती वेगाने फिरवली, तोच कानाजवळ फटकन आवाज झाला, हातातले ओझे एकाएकी नाहीसे झाले, आणि शिसे समोर न जाता तिरके सुटले. माझ्या उजवीकडे काही अंतरावर तीन मुले शिंपल्या वेचीत होती. शिसे त्यांच्या डोक्यांवरून जाऊन पलीकडे पाण्यात पडले. मुलांना त्याचा पत्ताही लागला नाही. मी मात्र त्या दिवशी पुन्हा काठी उचलली नाही.

शिसे शंभर मीटर दूर जायचे, तर हवेचा विरोध हिशेबात न धरताही ते सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरांहून अधिक वेगाने सुटावे लागते. त्या वेगाने जाणारे शंभर ग्रॅम शिसे मुलाच्या डोक्यात बसले असते, तर काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथम मी तंगुसाला दोष दिला. पण तंगूस नवा होता. गाठीला दोष द्यावा, तर गाठ शाबूत होती. शेवटी दिसले, की रिळाजवळच्या पहिल्या कडीच्या पायाभोवती तंगुसाचा एक वेढा आवळून बसला आहे. ती कडी लहान होती आणि रिळाला फार जवळ होती. म्हणून आज कड्यांच्या मापाविषयी थोडे सविस्तर बोलायचे आहे.

आता प्रश्न असा, की कडीचे काम तरी काय? ते समजण्यासाठी तंगूस रिळावरून कसा सुटतो, हे पाहिले पाहिजे. पतंगाची फिरकी मांजा सोडताना स्वतः फिरते. आपण किनाऱ्यावर वापरतो ते रीळ तसे नाही. त्याची कांडी फेकीच्या वेळी स्थिर राहते आणि तंगूस तिच्या पुढच्या कडेवरून, टोकाच्या दिशेने उलगडत जातो. ही युक्ती इ. स. १९०५ मध्ये इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ ह्यांनी पेटंट घेऊन पुढे आणली. हे गृहस्थ कापडगिरणीचे मालक होते, आणि गिरणीत स्थिर कांडीच्या टोकावरून सूत भरभर सुटताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. आमचा दुर्भाटचा बाटलीवाला वस्तुतः हेच करतो. तो बाटलीचे तोंड पाण्याकडे धरतो, आणि तंगूस बाटलीच्या तोंडावरून वेढ्यावेढ्याने सुटत जातो.

ह्या रचनेत कांडी फिरवायला बळ खर्ची पडत नाही, म्हणून हलके वजनही दूर जाते. पण एक अडचण उत्पन्न होते. तंगूस सरळ रेषेत न निघता कांडीच्या तोंडाएवढे, किंबहुना त्याहून मोठे वळसे घेत बाहेर पडतो. हे वळसे मोडून त्याला सरळ करणे, हे कड्यांचे पहिले काम. सरळ झालेला तंगूस काठीला न घासता शेंड्यापर्यंत नेणे, हे दुसरे. आणि मासा लागल्यावर त्याची ओढ काठीच्या सबंध बाकावर वाटून देणे, हे तिसरे. पहिले काम बुंध्याकडच्या दोन-तीन कड्या करतात; दुसरे काम शेंड्याकडच्या कड्या करतात; तिसरे सगळ्या मिळून करतात. काम वेगळे, म्हणून माप वेगळे. सबंध काठीला एकाच मापाच्या कड्या का चालत नाहीत, ह्याचे उत्तर येथे आहे.

पुढे जाण्यापूर्वी मापाचा आकडा समजून घेऊ. कडीवर ४०, २५, १६ असे जे क्रमांक असतात, ते आतल्या वळीच्या बाहेरच्या व्यासाचे, साधारण मिलिमीटरांत, असतात. तंगूस जातो ती आतली वाट त्याहून काही मिलिमीटरांनी लहान असते. दुकानात आकडा पाहून घेतलेली कडी घरी आल्यावर अरुंद वाटते, ती ह्यामुळे.

आता पहिली कडी. तिचे माप रिळाच्या कांडीवरून ठरते. कांडीच्या पुढच्या कडेचा व्यास पट्टीने मोजावा. समजा, तो ६० मिलिमीटर भरला. तर पहिली कडी त्याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत, म्हणजे ३० ते ४० क्रमांकाची असावी. किनाऱ्यावरच्या जड कामाला मी ४० घेईन. तिची चौकट उंच असावी, म्हणजे वळसे काठीच्या अंगावर आपटणार नाहीत. बारा फुटांच्या काठीवर ती कांडीच्या तोंडापासून सुमारे ९० ते ११० सेंटिमीटर दूर ठेवावी. त्याहून जवळ बसवली, तर मोठे वळसे एकदम दाबले जातात, मागून येणारा वळसा पुढच्याला गाठतो, दोन्ही कडीच्या तोंडाशी गोळा होतात, आणि त्यांतला एखादा कडीच्या चौकटीला वेढा घालतो. माझ्या हातून झाले ते हेच. उलटपक्षी, कडी फार दूर गेली, तर मधला तंगूस सैल पडून काठीवर फटके मारीत राहतो आणि अंतर कमी होते.

पहिल्या कडीनंतर मापे किती झपाट्याने उतरवावी, ह्याबाबत दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत कांडीच्या तोंडापासून शेंड्यापर्यंत एक लांबट शंकू कल्पीत आणि कड्या त्या शंकूत बसतील अशा घेत. म्हणजे ५०, ४०, ३०, २०, १६ अशा पायऱ्यापायऱ्यांनी मोठ्या कड्या जवळजवळ शेंड्यापर्यंत जात. अशी काठी चालते. परंतु ती जड होते. गेल्या काही दशकांत जपानमधील फुजी ह्या कडी बनवणाऱ्या कंपनीच्या कारागिरांनी वेगळा विचार रूढ केला. वळसे एकदा मोडले, की ते पुन्हा मोडायचे नसतात. तेव्हा पहिल्या तीन उंच कड्यांत ते काम उरकावे आणि पुढे सर्व कड्या लहान, सारख्या मापाच्या घ्याव्या, असा हा विचार. वळसे कोठे संपावे, ह्याचा एक ढोबळ हिशेबही ह्या पद्धतीत आहे. कांडीच्या व्यासाच्या सत्तावीसपट अंतरावर. आपल्या उदाहरणात ६० ला २७ ने गुणले, की १६२० मिलिमीटर, म्हणजे १६२ सेंटिमीटर येतात. त्या सुमारास १६ क्रमांकाची कडी आली, की पुढचा तंगूस सरळ समजावा.

येथे कोणी विचारील, की शेंड्याकडेही मोठ्या कड्या ठेवल्या, तर बिघडले कोठे? मोठ्या वाटेतून दोरी अधिक मोकळी जाईल, असे सकृद्दर्शनी वाटते खरे. पण दोरी शेंड्याकडे पोचेपर्यंत सरळ झालेली असते. तिला मोठी वाट नको असते. आणि कडीला वजन असते. शेंड्याचे वजन काठीला किती जाचते, ह्याचा हिशेब शाळेतल्या गणिताने मांडता येतो. काठी एका टोकाला घट्ट धरली आहे आणि सर्वत्र सारख्या जाडीची आहे, असे धरा. ती वाकून परत उसळताना शेंडा सर्वांत अधिक हलतो. मध्यावरचा भाग शेंड्याच्या जेमतेम एक-तृतीयांश हलतो. वजनाचा परिणाम ह्या हालचालीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे शेंड्यावरचा एक ग्रॅम हा मध्यावरच्या सुमारे दहा ग्रॅमांइतका काठीला मंद करतो. आपली काठी शेंड्याकडे निमुळती आणि लवचिक असते. तेव्हा तिच्या बाबतीत हा फरक याहूनही मोठा पडतो. बुंध्याकडे ४० क्रमांकाची भक्कम कडी काठी निमूटपणे सोसते. शेंड्याकडे दोन ग्रॅम जास्त झाले, तर ती आळसावते. फेकल्यावर शेंडा थरथरत राहतो, आणि त्या थरथरीत तंगूस कड्यांवर आपटून वेग गमावतो.

मग शेंड्याच्या कड्या किती लहान घ्याव्या? येथे मर्यादा घालते ती गाठ. जड शिसे फेकताना मुख्य तंगुसाला झटका सोसत नाही, म्हणून त्याच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडतात. त्याच्या ताकदीचा जुना नियम असा, की शिशाच्या दर २८ ग्रॅमांमागे साडेचार किलोग्रॅमांची ताकद हवी. ११२ ग्रॅमांचे शिसे असेल, तर १८ किलोग्रॅमांचा तंगूस घ्यावा. हा तुकडा रिळावर पाच-सहा वेढे बसून, काठीच्या लांबीतून जाऊन, खाली लोंबणाऱ्या शिशापर्यंत पुरला पाहिजे. म्हणजेच त्याची गाठ दर फेकीला सर्व कड्यांतून वेगाने जाणार. ती जेथे अडखळेल, तेथे दोरी तुटेल आणि शिसे मोकळे सुटेल. म्हणून नियम साधा आहे: आपण नेहमी बांधतो ती गाठ ज्या कडीतून न अडखळता जाते, ती सर्वांत लहान कडी शेंड्याकडे घ्यावी. त्याहून लहान घेणे धोक्याचे, आणि त्याहून मोठी घेणे वायफळ. दुकानात जाताना जोडलेल्या दोऱ्यांचा हातभर तुकडा खिशात न्यावा आणि गाठ कडीतून ओढून पाहावी. दोरीची दोन्ही टोके सरळ न धरता थोडी तिरपी धरून ओढावी. कारण फेकीत गाठ नेहमी कडीच्या मधोमध जाते, असे नाही. माझ्या गाठीला १० क्रमांकाची कडी काठावर चालली. मी १२ घेतली.

माझ्या सुधारलेल्या काठीचा तपशील सांगतो. ज्यांना हवा असेल त्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. कांडीच्या तोंडापासून शेंड्यापर्यंत अंतर २७६ सेंटिमीटर. पहिली कडी ४० क्रमांकाची, ९५ सेंटिमीटरांवर. दुसरी २५ ची, १३५ वर. तिसरी १६ ची, १६५ वर. त्यानंतर १२ क्रमांकाच्या चार कड्या, १९२, २१६, २३८ आणि २५८ वर; आणि शेंड्याची कडीही १२ चीच. एकंदर आठ कड्या झाल्या. लक्षात येईल, की दोन कड्यांमधले अंतर ४० सेंटिमीटरांपासून उतरत उतरत १८ वर आले आहे. काठी शेंड्याकडे अधिक वाकते, म्हणून तेथे आधार जवळजवळ लागतो. काठीचा जोड नेमका कडीच्या जागी येत असेल, तर कडी दोन बोटे सरकवावी. आपली काठी, आपले रीळ वेगळे असणार. तेव्हा हे आकडे आरंभ म्हणून घ्यावे, अखेरचे म्हणून नव्हे.

ज्यांचे रीळ ढोलासारखे आडवे बसते आणि स्वतः फिरून दोरी सोडते, त्यांनी मात्र हा हिशेब वापरू नये. त्यातून दोरी सरळच निघते. मोडायला वळसे नसतात. तेथे पहिली कडीही लहान चालते. पण त्या काठीवर कड्या वरच्या बाजूस असतात, म्हणून काठी वाकल्यावर दोरी तिच्या पाठीला टेकू नये, एवढ्यासाठी कड्या संख्येने अधिक लागतात.

आता मी केलेली दुसरी चूक सांगतो. मी कड्या एकदम दोऱ्याने आणि लेपाने पक्क्या केल्या होत्या. तसे करू नये. प्रथम त्या चिकटपट्टीने तात्पुरत्या बसवाव्या. मग तंगूस ओवून त्याचे टोक खाली एखाद्या जड वस्तूला बांधावे आणि काठी हळूहळू वाकवावी. दुसऱ्या कोणास बाजूने पाहण्यास सांगावे. दोरी काठीच्या बाकाला धरून गेली, तर ठीक. दोन कड्यांमध्ये ती काठीपासून फार दुरावून धनुष्याच्या दोरीसारखी ताठ दिसली, तर तेथे एक कडी हवी किंवा आहे ती सरकवायला हवी. हे समाधानकारक झाले, की मोकळ्या मैदानात, आसपास कोणी नसताना, गरी न लावता, हलक्या हाताने फेकून पाहावे. कान देऊन ऐकावे. दोरी सूं करीत गेली, तर कड्या जागेवर आहेत. पटपट असा आवाज आला, तर दोरी काठीवर आपटते आहे, आणि पहिली कडी थोडी पुढेमागे करून पाहिली पाहिजे. चिकटपट्टी असेतोवर पूर्ण जोराने मात्र कधीही फेकू नये.

कडीच्या जिनसाविषयी दोन शब्द. आतली वळी ॲल्युमिनियम ऑक्साइडची किंवा त्याहून कठीण अशा सिलिकॉन कार्बाइडची असते. विणलेली बारीक दोरी वापरणाऱ्यांनी कठीण वळी घ्यावी, कारण त्या दोरीने मऊ धातूला चर पडतात. चौकट स्टेनलेस पोलादाची असली, तरी खाऱ्या पाण्याने तिलाही कालांतराने डाग पडतात; तेव्हा घरी आल्याबरोबर काठी गोड्या पाण्याने धुवावी. आणि महिन्यातून एकदा कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा तडा कापसाचा तंतू अडकवून स्वतःला प्रकट करतो. तडा गेलेली कडी त्याच दिवशी बदलावी; तिने एका फेकीत तंगूस कापला जाऊ शकतो.

दोरी तुटण्याचा आणखी एक भोगणारा आहे, आणि तो बोलू शकत नाही. आमच्या पेडण्यात मोरजी आणि मांद्रे येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वाळूत अंडी घालण्यास येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. नायलॉन कुजत नाही. तुटलेल्या तंगुसाचे वेटोळे वर्षानुवर्षे पाण्यात राहते आणि कासवाच्या मानेला वा वल्ह्यासारख्या पायाला अडकते. अंड्यांसाठी राखलेल्या जागेच्या आसपास तर काठी नेऊच नये. आणि इतरत्रही तुटलेला तंगूस हाताशी आला, तर तो गोळा करून घरी आणावा.

थोडक्यात सांगायचे, तर पहिल्या कडीचे माप कांडीला विचारावे, शेवटच्या कडीचे गाठीला विचारावे, आणि मधल्या कड्या काठीचा बाक पाहून ठरवाव्या.

माझी ती काठी मी टाकून दिली नाही. पात्याने जुना लेप खरवडला, दोरे कापले आणि कड्या पुन्हा मांडल्या. आता तिच्यावरून शिसे पूर्वीपेक्षा दूर जाते, आणि सरळ जाते. तरीसुद्धा काठी मागे नेण्यापूर्वी मी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पाहतो, आणि कोणी मूल शिंपल्या वेचताना दिसले, तर ते दूर जाईपर्यंत काठी खाली ठेवतो.